नकाशा आणि बूज

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांना क्रमांक देण्याची रीत मोठी शिस्तीची आहे. चार अंश रुंद आणि चार अंश उंच अशा चौकोनाला एक आकडा द्यावयाचा, त्या चौकोनाचे सोळा भाग पाडून प्रत्येकाला इंग्रजी वर्णमालेतले एक अक्षर द्यावयाचे, आणि ही अक्षरे वरून खाली उतरत न्यावयाची. ह्या शिस्तीतून कधी कधी असे शेजार जुळून येतात, की ते भूगोलाने जुळवले की इतिहासाने असा प्रश्न पडावा. पूर्व रेखांश ८१ आणि ८२ ह्यांच्या मधला उभा पट्टा घेतला तर ६४ जी ह्या पत्रकात भिलाई सापडते. त्याच्या लगेच खाली ६४ एच. त्यात दल्ली-राजहराचे लोहखनिजाचे डोंगर. त्याखाली ६५ ई. त्यात रावघाट, नारायणपूर आणि अबूझमाडचा मोठा भाग. आणखी खाली ६५ एफ. त्यात बैलाडिला, म्हणजे बैलाच्या वशिंडासारखी दिसणारी डोंगररांग. ही चार पत्रके टेबलावर एकाखाली एक मांडली तर वर पोलादाचा कारखाना, त्याच्या पायाशी त्याची जुनी खाण, तिच्या पायाशी नवी खाण आणि तिला लागून असलेला, ज्याला शासनाने आणि वृत्तपत्रांनी मिळून ‘अज्ञात’ ठरवले तो मुलूख, असा एक सलग उतार दिसू लागतो. नकाशात मात्र ह्या उताराचा उल्लेख कोठेही नाही. तेथे केवळ रेषा आहेत, ठिपके आहेत, हिरवा रंग आहे.

नकाशा काढणे ही कृती नैतिक दृष्ट्या निरपराध मानावी काय, हा प्रश्न ह्या चार पत्रकांपाशी उभा राहतो. त्याची दोन सोपी उत्तरे प्रचलित आहेत. सर्वेक्षक म्हणतो, जे होते ते मी मोजले. पुढे कोणी त्याचे काय केले ह्याचा जाब मला विचारू नये. टीकाकार म्हणतो, प्रत्येक नकाशा ही चढाईची पूर्वतयारीच असते. नकाशा आणि तोफ एकाच गाड्यावरून येतात. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर मनुष्याला त्याच्या हातातल्या पेन्सिलीपासून तोडून टाकते. दुसरे उत्तर पेन्सिलीलाच मनुष्य समजते.

दल्ली-राजहराची कथा ह्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात कोणी खलपुरुष नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले प्रमथनाथ बोस ह्यांनी १८८७ च्या सुमारास त्या डोंगरांतल्या लोहखनिजाची नोंद केली. नोंद विभागाच्या कागदांत गेली आणि कागदांवरून भूस्तरीय नकाशावर रंगाच्या रूपाने उतरली. पुढे १९०३ च्या आसपास जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी आणि अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड हे पोलादाच्या कारखान्यासाठी जागा शोधत चांदा जिल्ह्यात लोहारा भागात भटकत होते. तेथे निराशा झाली. शोध आटोपता घ्यावा हे कळवण्यासाठी दोराबजी नागपुरास सरकारी अधिकाऱ्याच्या भेटीला गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवण्यासाठी ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला आजही अजब बंगला म्हणतात, तेच हे संग्रहालय. तेथे मध्य प्रांताचा भूस्तरीय नकाशा लावलेला होता आणि त्यात दुर्गकडच्या भागावर लोहखनिज दर्शवणारा गडद रंग होता. त्या रंगाच्या मागाने हे लोक राजहराच्या डोंगरावर चढले, आणि पायाखालचा खडक धातूसारखा वाजत होता असे त्या चढणीचे वर्णन करतात. जवळपास योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी नसल्यामुळे टाटांचा कारखाना तेथे झाला नाही. १९०४ साली त्याच बोसांनी मयूरभंजातल्या खनिजाविषयी पत्र लिहिले आणि इतिहास साकचीकडे, म्हणजे पुढच्या जमशेदपूरकडे, वळला.

परंतु नकाशावरचा रंग वळला नाही. तो होता तेथेच राहिला. अर्धशतकाने, २ फेब्रुवारी १९५५ रोजी, भारत आणि सोव्हिएत संघ ह्यांच्यात करार झाला, भिलाईची निवड झाली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तोवर नागपूर-कलकत्ता लोहमार्गावरचे एक गाव एवढीच भिलाईची ओळख होती. कारखान्यासाठी आणि वसाहतीसाठी आसपासच्या गावांच्या जमिनी गेल्या. तळी आणि धानाची शेते असलेल्या प्रदेशात आखीव ‘सेक्टर’ उभे राहिले. विदर्भातून, केरळातून, बंगालातून, आंध्रातून माणसे आली. त्या माणसांनी पोटाला अन्न आणि मुलांना शिक्षण मिळवले, आणि देशाला रूळ मिळाले. हे यश खोटे नव्हे आणि ते हिणवण्याचेही कारण नाही. एवढेच ध्यानात घ्यावयाचे की बोसांनी नोंद केली तेव्हा त्यांच्या मनात भिलाई नव्हती, अजब बंगल्यात नकाशा टांगणाऱ्याच्या मनात टाटा नव्हते, आणि टाटांच्या मनात सोव्हिएत इंजिनियर असण्याचा संभवच नव्हता. ज्ञान एकदा कागदावर उतरले की ते आपल्या जन्मदात्याच्या हेतूंना बांधील राहत नाही. ते वाट पाहू शकते. माणसाचा हेतू त्याच्याबरोबर मरतो. रंग भिंतीवर टांगलेला राहतो आणि पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी दृष्टीस पडतो.

येथे आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. त्या खनिजाचा ‘शोध’ बोसांनी लावला असे लिहिण्याची प्रथा आहे. पण मध्य प्रांताच्या डोंगरांत अगरिया लोक पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या लहान भट्ट्यांतून लोखंड गाळत आले होते. व्हेरिअर एल्विन ह्यांनी १९४२ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या लोकांना दगड ठाऊक होता, त्याचे वजन ठाऊक होते, कोणत्या झाडाचा कोळसा त्याला मानवतो हे ठाऊक होते. मग त्यांच्या जाणण्यात आणि बोसांच्या जाणण्यात भेद कोणता? अचूकतेचा भेद आहेच, पण तो दुय्यम. मुख्य भेद असा की अगरियाचे ज्ञान त्या डोंगरापासून दूर नेता येत नव्हते. ते जाणून घ्यावयाचे तर डोंगरावर जावे लागे, अगरियाच्या अंगणात बसावे लागे, तो सांगेल तेवढे आणि तो सांगेल तेव्हा ऐकावे लागे. बोसांचे ज्ञान गुंडाळून नागपुरास नेता येत होते. नकाशाची खरी करामत ह्यात आहे: ज्याने ती भूमी पाहिलेली नाही आणि जो कधी पाहणारही नाही, त्याला तो त्या भूमीविषयी निर्णय घेण्याचे सामर्थ्य देतो. जाणणारा आणि परिणाम भोगणारा ह्यांना तो एकमेकांसमोर बसण्याच्या गरजेतून मुक्त करतो.

अबूझमाडविषयी बोलताना एक चुकीचे विधान वारंवार केले जाते, की ह्या प्रदेशाचा नकाशाच कधी झाला नाही. वस्तुस्थिती तशी नाही. स्थलदर्शक पत्रकांत अबूझमाडचे डोंगर आहेत, समोच्चरेषा आहेत, नदीनाले आहेत, गावांची नावेही आहेत. झाली नव्हती ती महसुली मोजणी; म्हणजे कोणते शेत कोणाचे, त्याचा क्रमांक काय, क्षेत्र किती, ही नोंद. सुमारे चार हजार चौरस किलोमीटरांच्या ह्या भूभागात डोंगराला उंची होती पण शेताला क्रमांक नव्हता. हा फरक केवळ तांत्रिक नाही. स्थलदर्शक नकाशा येणाऱ्यासाठी असतो: सैन्यासाठी, वनाधिकाऱ्यासाठी, खनिज शोधणाऱ्यासाठी. खसऱ्याचा कागद राहणाऱ्याच्या हाती पडतो. राज्याने येथे पहिला आधी केला आणि दुसरा राहून गेला, ह्या क्रमातच पुष्कळसे आले.

त्या येणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. बंगालचा सर्वेक्षक जेम्स रेनेल ह्याच्या अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानच्या नकाशात ओरिसा, वऱ्हाड आणि गोदावरी ह्यांच्या मधला बराच भाग जवळजवळ कोरा होता. १७९५ साली कॅप्टन ब्लंट हा चुनारहून दक्षिणेकडे जाणारी वाट शोधण्यासाठी निघाला. ह्या मुलखावर तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा अंमल, पण तो खंडणीपुरता; जंगलात नागपूरचा शब्द कितपत चालतो हे ब्लंटला लवकरच कळले. बस्तरमध्ये त्याला शिरता आले नाही आणि त्याला वळसा घालून जावे लागले. कोऱ्या जागेचा अर्थ कोणी तेथे गेले नव्हते एवढाच लावला जातो. तेथील लोकांनी येऊ दिले नाही, हाही तिचा अर्थ असू शकतो, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

‘अबूझ’ हे नावही बाहेरच्याचे. ज्याला बूझ नाही, जे कळलेले नाही, ते अबूझ. तेथील लोक स्वतःला मेटा कोइतोर, म्हणजे डोंगरावरची माणसे, म्हणवत आले. त्यांना त्यांची भूमी अज्ञात असण्याचे कारण नव्हते. नाव देणाऱ्याने आपले अज्ञान डोंगराच्या माथी मारले आणि नकाशाने ते छापले. मराठी कानाला येथे आणखी एक शब्द ऐकू आल्यावाचून राहत नाही. मराठीत ‘बूज राखणे’ म्हणजे मान राखणे, एखाद्याचे असणे लक्षात घेऊन वागणे. व्युत्पत्तीचा वाद कोशकारांवर सोपवला तरी दोन्ही शब्दांच्या जवळिकीने एक विचार सुचतो: जाणणे आणि बूज राखणे ह्या दोन गोष्टी एकत्र असतात तेव्हाच जाणणे सभ्य ठरते. नुसते जाणणे, बूज न राखता, ही टेहळणी होय. आणि जाणून न घेता नुसती बूज राखणे, हा दुरून केलेला नमस्कार.

बूज न राखता जाणले तर काय घडते ह्याचे उदाहरण ह्या पत्रकांच्या समासातच छापलेले आहे. सांकेतिक खुणांच्या यादीत गावाला दोन खुणा आहेत: वसलेले आणि ओसाड. झोपडीलाही दोनच: कायमची आणि तात्पुरती. डोंगरी माडिया हा पेंडा करणारा. उतारावरचे रान तोडावयाचे, जाळावयाचे, राखेत धान्य पेरावयाचे, दोनतीन वर्षांनी ती जागा रानाला परत करून दुसरीकडे जावयाचे; आणि शेतामागून पुष्कळदा गावही उठून जावयाचे. बस्तरचे प्रशासक राहिलेले डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन ह्यांनी १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात ह्या जीवनाचे तपशीलवार वर्णन केले आहे. आता अशा गावाला खूण कोणती द्यावी? आज रिकामे असलेले ठिकाण ओसाड नसते. ते विसाव्याला ठेवलेले असते. देशावरच्या शेतकऱ्याला काळी आणि पांढरी हा भेद ठाऊक असतो, पांढरीवरून तो पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही, म्हणून त्याचे गाव ठिपक्यात मावते. माडियाचे गाव हे ठिकाणापेक्षा एक फेरी आहे, आणि फेरीला खूण नाही. सर्वेक्षकाने खोटे लिहिले नाही. त्याने ज्या दिवशी पाहिले त्या दिवसाचे खरे लिहिले. पण पत्रक वाचणाऱ्या वनाधिकाऱ्याला तेथे माणसांवाचूनचे रान दिसले, आणि माणसांवाचूनचे रान राखीव करण्यास हरकत ती कोणती? बस्तरमधली जंगले राखीव करण्याच्या धोरणाविरुद्ध १९१० साली भूमकाल झाला. गुंडाधूरचे नाव त्यातूनच पुढे आले. त्या उठावाचा निरोप गावोगाव फिरला तो आंब्याची डहाळी, मिरची, मातीचे ढेकूळ आणि बाण ह्यांच्या रूपाने. त्यांना वाट दाखवण्यास कोणत्याही पत्रकाची गरज पडली नाही.

इथवर आल्यावर एखाद्या सहृदय वाचकाला वाटेल, की मग न मोजलेले राहणेच बरे. ही सहृदयता तपासून घेतली पाहिजे, कारण ती बहुधा ज्याच्या कपाटात स्वतःचा सातबारा जपून ठेवलेला आहे अशाची असते. तलाठ्याच्या नावाने बोटे मोडणारा शेतकरीही सातबारा फाडून टाकावयास तयार होत नाही. अबूझमाडच्या माणसाजवळ जमिनीचा कागद नव्हता म्हणून त्याला बँकेचे कर्ज नव्हते, आधारभूत किमतीने धान विकण्याची सोय नव्हती, आणि ही जमीन माझी आहे हे सिद्ध करण्याचा मार्गही नव्हता. ऐंशीच्या दशकापासून बाहेरच्यांना तेथे प्रवेशबंदी होती, ती २००९ साली उठली. ती संस्कृतीच्या रक्षणासाठी होती असे सांगत, पण बंदीच्या त्याच काळात माओवाद्यांनी तेथे ठाण मांडले आणि डोंगर दोन बंदुकांच्या मधे सापडले. मे २०२५ मध्ये त्या पक्षाचा सरचिटणीस ह्याच परिसरात मारला गेला. ‘त्यांना त्यांच्यासारखे राहू द्या’ ह्या वाक्याचा इतका कडवट उपहास दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

जुना वाद येथे आठवतो. एल्विन ह्यांनी १९३९ सालच्या बैगांवरील ग्रंथात आदिवासींसाठी राखीव उद्यानासारखा प्रदेश असावा अशी कल्पना मांडली. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये ह्यांनी १९४३ साली ह्या अलगतावादाचा कडक समाचार घेतला. आदिवासी वेगळे नव्हेतच, ते मागासलेले हिंदू होत, असे त्यांचे म्हणणे. एल्विन ह्यांना पुढे आपली उद्यानाची भाषा सोडावी लागली, आणि घुर्यांच्या ‘सामिलकीत’ सामील होणाऱ्याचे मत कोणी विचारले होते असेही दिसत नाही. एकाला नकाशावर कुंपण हवे होते, दुसऱ्याला कुंपण पुसावयाचे होते. दोघांच्याही हाती पेन्सिल होती, हे साम्य वादाच्या भरात नजरेआड झाले.

ती पेन्सिल गावाच्या हाती गेली तर काय होते, ह्याचे उत्तर अबूझमाडच्या पश्चिमेला, गडचिरोली जिल्ह्यात मिळते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणारे ते देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. हे घोषणेने झाले नाही. त्यामागे वर्षानुवर्षांचे अभ्यासगट होते, जुनी निस्तारपत्रके होती, कोठून कोठवर आपले रान हे पायी फिरून ठरवणे होते. ज्या कागदाने पूर्वी रान नेले त्याच जातीच्या कागदाने ते परत आणले. वनहक्काचे नियम तर वृद्धांची तोंडी साक्षही पुरावा म्हणून मानतात. तरी व्यवहारात कचेरीतला मनुष्य आधी नकाशा मागतो आणि मग म्हाताऱ्याकडे पाहतो.

म्हणून गावाने काढलेला नकाशा आपोआप पवित्र होतो असेही नव्हे. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात झापोटेक गावांनी अमेरिकन भूगोलतज्ज्ञांच्या साहाय्याने स्वतःचे नकाशे तयार केले. त्या उपक्रमाला अमेरिकन सेनादलाच्या एका कार्यालयाचा पैसा होता ही गोष्ट २००९ साली जाहीर वादाचा विषय झाली. आपल्याला हे आधी नीट सांगितले गेले नाही, अशी तेथील संघटनेची तक्रार होती. तज्ज्ञांनी ती अमान्य केली. तो तंटा बाजूला ठेवला तरी त्यातला प्रश्न उरतोच. ओढा कोठे आहे हे सांगण्यास संमती देणारा, त्या ओढ्याची माहिती शेवटी कोणाच्या टेबलावर जाईल ह्याला संमती देतो काय? बोसांना जे ठाऊक नव्हते ते त्याला कोठून ठाऊक असणार? संमती एका दिवसाची असते; नकाशाचे आयुष्य शंभर वर्षांचे.

आता तर विचारण्याचाही प्रसंग उरलेला नाही. पूर्वी पत्रक मिळवणे हीच यातायात होती. ती डेहराडूनला छापली जात, इंग्रजीत असत, सीमेलगतची आणि किनाऱ्यालगतची तर प्रतिबंधितच असत. ज्या गावाची समोच्चरेषा त्यात होती त्या गावाने ते पत्रक पाहिलेले असण्याचा संभव शून्य. २००५ च्या नकाशाधोरणाने आणि २०२१ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी दारे उघडली, आणि त्याच्याही आधी उपग्रहांनी छपरेच काढून टाकली होती. दिसावे की न दिसावे ही निवड डोंगरातल्या माणसाकडे आता नाही. छत्तीसगढ शासनाने अलीकडच्या वर्षांत अबूझमाडमध्ये मसाहती सर्वेक्षण हाती घेतले, काही गावांना खसरे मिळाले, त्यांच्या आधारे धान विकता येऊ लागले. ह्यात समाधान मानण्यासारखे आहे. पेंड्यासाठी विसाव्याला ठेवलेल्या उताराची नोंद त्या खसऱ्यात कोणाच्या नावे होते, हे पाहणे मात्र अगत्याचे आहे.

कारण ६५ ई मध्ये रावघाटही आहे. राजहराचे साठे ओसरत चालल्यावर भिलाईची दृष्टी तेथे वळली. दल्ली-राजहरापासून रावघाटपर्यंतचा ९५ किलोमीटरांचा लोहमार्ग टप्प्याटप्प्याने पुढे सरकत आला. २०२२ मध्ये अंतागढपर्यंत प्रवासी गाडी धावू लागली. परिसरातले लोक त्या डोंगराला राजाराव देवाचे ठाणे मानतात. सांकेतिक खुणांत देवळाला खूण आहे, मशिदीला आहे, थडग्याला आहे; डोंगर हाच देव असेल तर त्याला खूण नाही, त्याच्या वाट्याला उंचीचा आकडा येतो. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये अशा देवाचीही बूज राखली, निर्णय ग्रामसभांकडे सोपवला, आणि बारा ग्रामसभांनी एकमुखाने नकार दिला. तेथे नकाशा खोटा ठरला नाही. त्यात नसलेली गोष्ट न्यायालयाने विचारून घेतली इतकेच. भिलाईच्या भट्ट्यांना खनिज लागते आणि त्या भट्ट्यांवर हजारो घरे चालतात, हे खरे असूनही विचारून घेण्याची ही पायरी गाळता येत नाही. गाळली, की कारखान्याचा कामगार आणि डोंगरावरचा माडिया ह्यांना परस्परांचे वैरी करण्याचे पाप कोणा तिसऱ्याच्या नव्हे, त्या गाळण्याच्या खात्यावर जमा होते. शंकर गुहा नियोगी ह्यांनी १९७७ पासून राजहराच्या खाणमजुरांची जी चळवळ उभी केली, तिच्यात मजूर आणि आसपासचा शेतकरी एकत्र होते. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच त्यांची हत्या झाली.

६४ एचच्या जुन्या आवृत्त्यांत राजहराचे डोंगर अद्याप शाबूत आहेत. तपकिरी समोच्चरेषा एकमेकींना खेटून वर चढत जातात, माथ्यापाशी लहान होतात, आणि तेथे उंची फुटांत लिहिलेली असते. प्रत्यक्षात खाणीने तो माथा पायऱ्यापायऱ्यांनी खाली आणला. त्यातले पुष्कळसे लोखंड रुळांच्या रूपाने देशभर पसरले आहे. पावसाळ्यात त्या उतारांवरून तांबडे पाणी खालच्या शेतांकडे वाहत येते. पूर्वी डोंगर किती उंच होता असे खाली शेत असणाऱ्याने विचारले, तर त्याला दाखवण्यासारखे आता ते एक पत्रकच उरले आहे.